मनाच्या घरांतील माणसें
(ज्युबिलीनिमित्त भरविलेल्या व्याख्यानमालेंतील भाषण)



ज्युबिलीच्या या व्याख्यानमालेंत "कुटुंब" या विषयावर आम्हीं चार शब्द बोलावे अशी समितीनें आज्ञा केली. कुटुंबाविषयीं बोलण्यास आमच्याहून अधिक लायक माणसें या सभागृहांत पुष्कळ बसलीं आहेत. ज्यांनीं सात सात मुलें वाढविलीं आणि तीन तीन जावांसह एका चुलीवर दिवस काढिले, त्यांच्यापुढें आम्हीं कुटुंबावर प्रवचन झोडणें म्हणजे कोळ्याला पोहावयास शिकविण्यासारखें होईल. म्हणून समितीची क्षमा मागून आम्ही विषयाला थोडी बगल देतों, आणि प्रत्येक मनुष्य खोलींत अगदीं एकटा बसला असतांहि ज्या कुटुंबांत राहत असतो, त्या आंतल्या कुटुंबाविषयीं बोलतों.

आपली मायबोली या बाबतींत फार शहाणी आहे. "माझें एक मन म्हणतें जावें, दुसरें मन म्हणतें जाऊं नये," असें आपण रोज बोलतों, आणि ऐकणाऱ्याला त्यांत कांहीं नवल वाटत नाहीं. आपण मनाची समजूत घालतों, मनाशीं भांडतों, मन मारतों, मनाला विचारून पाहतों. हीं सारीं क्रियापदें घरांतल्या माणसांसंबंधीं वापरावयाचीं आहेत. अमेरिकेंत गेल्या चाळीसएक वर्षांत मानसोपचाराची जी एक पद्धति वाढली, तिनें हें बोलणें नुसता अलंकार न मानतां अक्षरशः मनावर घेतलें. तिचें नांव "इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स", म्हणजे अंतर्गत कुटुंबव्यवस्था.

या पद्धतीचे जनक रिचर्ड श्वार्ट्झ. औषधाची चिठ्ठी लिहून देणारे ते डॉक्टर नव्हेत. पर्ड्यू विद्यापीठांत विवाह व कुटुंब यांच्या उपचारशास्त्रांत त्यांनीं डॉक्टरेट मिळविली आणि शिकागो शहरांत लहान व तरुण मुलांच्या मनोविकारांचें संशोधन करणाऱ्या एका संस्थेंत ते काम करूं लागले. कौटुंबिक उपचाराचें शास्त्र त्या काळीं तिकडे ऐन भरांत होतें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, घरांतलें एक मूल बिघडलें म्हणजे तेवढ्या एकाला खुर्चीवर बसवून प्रश्न विचारूं नयेत. सारें घर बोलवावें, कोण कोणाच्या मध्यें बोलतो, कोण कोणाला पाहून गप्प होतो, कोण कोणाच्या आड बसतो हें नीट पाहावें. या शास्त्राचे एक मोठे आचार्य साल्वादोर मिनुचिन यांनीं, आईबापांची जागा रिकामी पडल्यामुळें स्वतःच आईबाप होऊन बसणाऱ्या मुलाविषयीं लिहिलें आहे. असें मूल जात्या पोक्त नसतें. घराच्या मोडक्या व्यवस्थेनें त्याला पोक्त केलेलें असतें. श्रोत्यांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिची गरज पडणार आहे.

१९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत श्वार्ट्झ यांच्याकडे बुलिमिया या रोगानें पछाडलेल्या तरुण मुली येऊं लागल्या. या मुली एका बैठकीस अवाढव्य खात आणि मग तें सर्व मुद्दाम ओकून टाकीत. श्वार्ट्झ यांनीं शास्त्राप्रमाणें त्यांच्या आईबापांना बोलाविलें, घरांतले ताण सैल केले, आणि घरें बरीचशीं सुधारलींहि. मुलींचें खाणें व ओकणें मात्र पूर्ववत् चालूं राहिलें. घर बरें झालें आणि रोगी बरा झाला नाहीं! शास्त्रावर भिस्त ठेवून बसलेल्या मनुष्याला ही मोठीच चपराक होती. श्वार्ट्झ यांचा मोठेपणा असा कीं, त्यांनीं रोग्याला दोष दिला नाहीं; तुमच्या आंत काय घडतें तें तुम्हीच सांगा, असें त्यांनीं मुलींना विचारलें.

मुलींनीं जें सांगितलें तें आपल्या "एक मन, दुसरें मन" याच थाटाचें होतें. आंतला एक अंश सारखा टोचीत असतो, कीं तूं लठ्ठ आहेस, तूं कुचकामाची आहेस. तें ऐकून आंतलें दुसरें कोणी लहान मुलासारखें घाबरें व एकाकी होतें. ती एकाकी कळ सोसवेनाशी झाली कीं तिसरा अंश उठतो आणि हात धरून खाण्याकडे नेतो. खाण्यानें घटकाभर सारें बधिर होतें. खाऊन झालें कीं पहिला पुन्हां टोचण्यास तयारच! श्वार्ट्झ यांच्या ध्यानांत आलें कीं, आपण इतके दिवस टेबलाभोंवतीं बसवून ज्या घरांची तपासणी केली, तसेंच एक घर या प्रत्येक मुलीच्या आंत आहे, आणि त्याची तपासणी कोणींच केलेली नाहीं.

प्रथम त्यांनींहि आपण सारे जें करतों तेंच केलें. जो अंश वाईट दिसतो त्याला दटावून गप्प बसवावें, हा त्यांचाहि मार्ग होता. हा मार्ग त्यांनीं कां सोडला याची हकीकत त्यांनीं स्वतःच्या ग्रंथांत सांगितली आहे. एक तरुणी स्वतःच्या हातांवर शस्त्रानें जखमा करीत असे. लहानपणीं तिचा छळ झाला होता. एके दिवशीं श्वार्ट्झ यांनीं व तिनें मिळून, जखमा करविणाऱ्या त्या अंशाला भेटीच्या वेळांत धारेवर धरिलें आणि या आठवड्यांत कांहीं करणार नाहीं असें वचन त्याच्याकडून घेतल्यावरच ते उठले. पुढच्या भेटीस ती तरुणी आली तेव्हां जखम तिच्या चेहऱ्यावर होती. श्वार्ट्झ यांचें अवसान गळालें. आपण या झुंजींत तुझ्यापुढें हरलों, असें त्यांनीं त्या अंशाला उद्देशून कबूल केलें. आणि आश्चर्य असें कीं, त्याबरोबर त्या अंशाचाहि सूर पालटला. मग श्वार्ट्झ यांनीं दटावण्याऐवजीं विचारलें कीं, तूं हें कां करतोस? उत्तर आलें तें असें कीं, छळाच्या त्या वर्षांत मुलीला देहभानापासून दूर नेण्याचें आणि तिचा संताप आवरण्याचें काम हाच अंश करीत असे. कारण तो संताप बाहेर पडता तर तिचे आणखी हाल झाले असते. म्हणजे ज्याला ते गुन्हेगार समजत होते तो राखणदार होता. त्याचें दुर्दैव एवढेंच कीं, धोका कधींच टळला होता आणि तो मात्र जुन्याच पहाऱ्यावर उभा होता.

या एका धड्यावर पुढची सारी इमारत उभी आहे. १९९५ सालीं श्वार्ट्झ यांनीं या पद्धतीचा शास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध केला आणि २०२१ सालीं सामान्य वाचकांसाठीं दुसरें पुस्तक लिहिलें, त्याच्या नांवाचाच अर्थ असा कीं मनाचा कोणताहि अंश मुळांत वाईट नाहीं. मनांत अनेक जण राहतात ही कल्पना कांहीं त्यांनींच प्रथम काढिली असें नव्हे. फ्रान्सांत पिएर जाने यांनीं १८८९ सालींच मनाच्या तुटून वेगळ्या वागणाऱ्या भागांवर लिहिलें होतें, फ्रॉइड यांनीं १९२३ सालीं मनाची तीन खणांत वांटणी केली, आणि इटलींत असाजिओली यांनींहि मनांतील उपव्यक्तींवर उपचाराची एक पद्धति रचली. श्वार्ट्झ यांनीं आणिलें तें घर. घरांतल्या माणसांचीं एकमेकांशीं असलेलीं नातीं पाहावयाचीं, ही त्यांची भर.

त्यांच्या मतें या घरांत तीन प्रकारचीं माणसें असतात. पहिले हद्दपार केलेले. हे बहुधा लहान वयाचे असतात. ज्या वयांत भीति, लाज किंवा पोरकेपण सोसलें त्याच वयांत ते थिजून राहतात. त्यांचें रडणें घराला ऐकवत नाहीं म्हणून त्यांना माळ्यावर कोंडून ठेविलेलें असतें. दुसरे कारभारी. माळ्यावरचा आवाज खालीं येऊं नये म्हणून हे आधींपासून दक्षता घेतात. कामांत गुंतवितात, टापटीप ठेवावयास लावतात, लोकांना खूष ठेवतात, आणि आपण चुकूं नये म्हणून आपणांस दिवसभर टोचीत राहतात. तिसऱ्यांचें नांव त्यांनीं अग्निशामक असें ठेविलें आहे. आम्ही त्यांना बंबवाले म्हणतों. कारभाऱ्यांची दक्षता चुकून माळ्यावरचा आक्रोश एकदम भडकला, म्हणजे हे घंटा वाजवीत धांवत येतात. दारू, जुगार, खाणें, शिवीगाळ, रात्र रात्र हातांतला फोन, जें सांपडेल त्याचा मारा करून आग विझवितात, आणि त्या पाण्यानें घरांतलें सामान नासलें तरी त्यांना त्याची पर्वा नसते. कारण आगीचा बंब सामान वांचविण्यासाठीं येतच नाहीं.

आतां हें शास्त्र शिकागोचें असलें तरी आम्हांस तें कळलें तें आमच्याच घरावरून.

आमचे वडील पीत असत. ही गोष्ट ज्यांना ठाऊक नाहीं असे वृद्ध या सभागृहांत थोडेच असतील, म्हणून ती लपविण्यांत अर्थ नाहीं. दर वर्षीं राखेच्या बुधवारीं ते दारू सोडीत. चाळीस दिवस ते थेंबाला शिवत नसत. सकाळच्या मिस्साला पहिल्या बांकावर बसत. पण या चाळीस दिवसांत ते एक शब्दहि धड बोलत नसत. ईस्टरच्या रविवारीं दुपारीं पंगत उठावयाच्या आधींच ते पुन्हां आडवे झालेले असत. मग घरांत न्यायसभा भरे. काका बोलत, आजोबा बोलत, देवळांतून हितचिंतक येत. आणि सर्वांत कठोर असे शब्द वडील स्वतःच स्वतःला लावीत. आम्हां मुलांना वाटे, आतां तरी यांना लाज वाटेल आणि हे सुधारतील. बंबवाल्याला वेतानें झोडपून आग विझत नाहीं, आणि लाज हीच मुळांत त्या आगीचें सरपण आहे, हें त्या काळीं आमच्यापैकीं कोणासच कळलें नाहीं. वडिलांची आई ते आठ वर्षांचे असतांना वारली आणि ते मामाच्या घरीं वाढले. तेथें त्यांनीं काय सोसलें हें आम्हांस आजहि ठाऊक नाहीं, कारण आम्हीं कधीं विचारलें नाहीं. १९९१ सालीं ते वारले. त्यापूर्वींचीं तीन वर्षें आम्ही त्यांच्याशीं बोलत नव्हतों, आणि तें मौन आम्हांस त्या वेळीं फार सात्त्विक वाटत असे.

आम्हीं स्वतः दारूला कधीं स्पर्श केला नाहीं. याचा आम्हांस मोठा अभिमान होता. २०१८ सालीं एका रात्रीं आमचा मुलगा मित्राच्या लग्नाहून उशिरां घरीं आला. त्याच्या तोंडाला किंचित् वास येत होता. आम्ही जेवत होतों. पुढें काय झालें हें आमच्या ध्यानांत येण्याआधींच हातांतलें ताट भिंतीवर आपटलें होतें आणि वरणाचे ओघळ खालीं येत होते. मुलगा कांहीं बोलला नाहीं. तो ज्या नजरेनें आमच्याकडे पाहत होता ती नजर आम्हांस ओळखीची होती. ती आमचीच होती.

या प्रसंगानंतर मुंबईंतील एका समुपदेशक बाईंकडे आम्ही जाऊं लागलों. या पद्धतीचें रीतसर शिक्षण त्यांनीं घेतलें होतें. त्यांचें नांव सांगण्याची गरज नाहीं. पहिल्या भेटींत आम्हीं आमचा खटला मांडिला व आमचा राग कसा काढून टाकावा हें विचारलें. बाई म्हणाल्या, "काढून टाकण्याचें मागाहून पाहूं. तो राग शरीरांत कोठें जाणवतो?" आम्हांस हा प्रश्न पोरकट वाटला. तरी डोळे मिटून पाहतों तों जबड्यांत आणि उजव्या मनगटांत तो होता. "त्याच्याविषयीं तुम्हांला काय वाटतें?" आम्हीं सांगितलें, "लाज वाटते. तो नाहींसा व्हावा असें वाटतें." बाई म्हणाल्या, "हें बोलणारा तुमचा दुसरा अंश आहे, घराची अब्रू सांभाळणारा. त्याला म्हणावें, थोडा वेळ बाजूला बस. आम्ही तुझ्यावांचून कांहीं ठरविणार नाहीं." हें असें दोन तीन वेळां झालें. एक आवाज बाजूला बसे कीं दुसरा पुढें येई. आमच्या घरांत इतकी गर्दी असेल याची आम्हांस कल्पना नव्हती.

पुन्हां तोच प्रश्न आला, त्या रागाविषयीं आतां काय वाटतें? या वेळीं उत्तर निराळें होतें. तो कोण आहे हें पाहावें असें वाटत होतें. या पद्धतीची सारी किल्ली या पालटांत आहे. जों जों आपण एखाद्या अंशाचा द्वेष करतों, तों तों बोलणारा दुसरा अंशच असतो. गर्दी हटली म्हणजे मागें जो उरतो, जो घाबरलेला नसतो व घाईंत नसतो, त्याला श्वार्ट्झ "स्व" म्हणतात. आम्ही त्याला घरधनी म्हणूं. शांति, जिज्ञासा, करुणा, धैर्य वगैरे आठ गुण त्याच्या ठायीं असतात असें त्यांनीं सांगितलें आहे. इंग्रजींत हीं आठहि नांवें एकाच अक्षरानें सुरू होतात. असल्या जुळवाजुळवीचा अमेरिकन सोस आम्हांस फारसा रुचत नाहीं, परंतु पाठ करावयास तो सोयीचा पडतो हें खरें.

बाईंनीं रागाला त्याचें वय विचारावयास सांगितलें. सहा वर्षांचा एक मुलगा आमच्या जुन्या घराच्या दाराला पाठ लावून, कडी धरून उभा असलेला दिसला. "त्यानें तेथून हटावयाचें ठरविलें तर काय होईल असें त्याला भय वाटतें?" उत्तर आम्हीं विचार करून दिलें नाहीं, तें आपोआप आलें. वडील आंत येतील. आपण आधीं ओरडलों नाहीं तर ते आंत येतील. सज्जनहो, वडिलांना जाऊन सत्तावीस वर्षें झालीं होतीं, तें घर विकलें गेलें होतें, दार कधींच पडलें होतें. आणि त्या मुलाला ही बातमी कोणींच दिली नव्हती. तो आपला कडी धरून उभाच होता. दाराबाहेर आतां आमचाच मुलगा उभा होता, आणि त्याला तो ओळखत नव्हता.

अशा अकरा बैठका झाल्या. शेवटीं शेवटीं, त्या मुलानें वाहिलेलें ओझें कल्पनेनें पाणी, वारा, अग्नि, प्रकाश यांपैकीं कशांत तरी टाकून द्यावें असा एक विधि असतो. आम्हीं लहानपणीं पाहिलेला अर्नाळ्याचा समुद्र निवडला. खरें सांगावयाचें तर हा भाग आम्हांस थोडा नाटकी वाटला, आणि अजूनहि वाटतो. कडी सोडून त्या मुलानें आमचें बोट धरलें तो क्षण मात्र नाटकी नव्हता. आम्हांस आजहि राग येतो. फरक एवढाच कीं, मनगट आवळलें जातें आणि ताट उचललें जातें या दोहोंमध्यें आतां दोन चार श्वासांची जागा सांपडते. आमच्या मुलाची आम्हीं क्षमा मागितली ती या जागेंतून मागितली.

आतां कांहीं शंका. आमच्या एका वृद्ध स्नेह्यानें विचारलें कीं, एका देहांत एकच आत्मा ही आपली शिकवण. मग ही आंतली जत्रा कोठून आली? या प्रश्नाचें उत्तर फार जुनें आहे. संत ऑगस्टीन तरुणपणीं सुमारें नऊ वर्षें मानी पंथांत होते. माणसांत एक चांगली व एक वाईट अशा दोन प्रकृति झुंजतात, असें तो पंथ मानी. पुढें ३८६ सालीं मिलान येथील बागेंत, जुनें जीवन सोडावें हेंहि मनांत आहे आणि सोडवत नाहीं हेंहि तितकेंच खरें, अशा फाटलेल्या अवस्थेंत ते सांपडले. आपल्या आत्मकथनाच्या आठव्या पुस्तकांत त्यांनीं याचा फार बारीक विचार केला आहे. त्यांचा निर्णय असा कीं, इच्छा करणारे आपणच होतों आणि न करणारेहि आपणच. आणि प्रत्येक भांडणाऱ्या इच्छेमागें वेगळी प्रकृति मानूं लागलों तर दोनांवर थांबतां येणार नाहीं, माणसांत कितीतरी प्रकृति मानाव्या लागतील. म्हणजे इच्छा अनेक, पण ज्याच्या त्या इच्छा तो एक. श्वार्ट्झ हे त्या अंशांना जवळ जवळ खरीं माणसेंच समजून बोलतात. तेवढें आपण त्यांच्याबरोबर जाण्याचें कारण नाहीं. उपचार व्हावयास उपमा पुरते.

दुसरी शंका अधिक मोठी. मग पाप म्हणून कांहीं उरलेंच नाहीं काय? दारूड्यानें म्हणावें, मी नाहीं, माझ्या बंबवाल्यानें केलें? असें म्हणणारा लबाड आहे. ताट आम्हीं भिरकावलें, सहा वर्षांच्या मुलानें नव्हे. आणि क्षमा आम्हांसच मागावी लागली. पापनिवेदनाला आपण काय केलें हें सांगतों. या बैठकींत तें करविणाऱ्या अंशाला काय भय वाटत होतें हें विचारतों. एकानें दुसऱ्याचें काम भागत नाहीं. आपल्या देशांत काम, क्रोधादि सहांना शत्रु म्हणण्याची रीत आहे, आणि शत्रु म्हटला कीं त्याला मारावयाचें हें ओघानें आलेंच. क्रोधाला मारण्याची आम्हीं पन्नास वर्षें शिकस्त केली होती. तें ताट त्यानंतर फुटलें.

शास्त्राचा पुरावा कितपत आहे हेंहि सांगितलें पाहिजे, कारण अमेरिकेंतून येणाऱ्या प्रत्येक नव्या गोष्टीवर उडी घालण्याचा काळ आहे. २०१३ सालीं संधिवाताच्या ७९ रोग्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकीं निम्म्यांना नऊ महिने हा उपचार दिला व निम्म्यांना केवळ रोगाची माहिती दिली. उपचार घेतलेल्यांचें सांध्यांचें दुखणें त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणें कमी झालें, खिन्नता उतरली, आणि हा गुण वर्षभरानंतरहि टिकला; परंतु चिंता व प्रत्यक्ष रोगाची तीव्रता यांत टिकाऊ फरक पडला नाहीं. २०२१ सालीं बालपणीं आघात सोसलेल्या १७ प्रौढांवर सोळा बैठकांचा प्रयोग झाला. त्यांतहि बहुतेकांना चांगला गुण आला, पण तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता. आशा वाटावी इतकें हें आहे. डांगोरा पिटावा इतकें नाहीं.

आणि धोकेहि आहेत. ज्याला बाहेरून आवाज ऐकूं येतात, कोणी आपल्या मागावर आहे असें वाटतें, त्याचें दुखणें निराळें. त्याला मनोविकारतज्ज्ञ डॉक्टराकडे न्यावें, औषध द्यावें, आणि त्याच्याशीं अंशांच्या गोष्टी करीत बसूं नये. माळ्यावर कोण आहे हें ठाऊक नसतां एकट्यानें कुलूप फोडूं नये. कल्पनेंत जें दिसलें तें सारें जसेंच्या तसें घडलेंच असें धरून कोणावर आरोप करूं नये. अशा बैठकींत उतावीळ उपचारकाच्या सूचनेनें न घडलेलीं चित्रेंहि दिसूं लागतात. आणखी एक. हें शास्त्र बायकोवर किंवा सासूवर चालवूं नये. "हें तूं बोलत नाहींस, तुझा कारभारी बोलतो," असें आम्हीं घरीं एकदांच म्हणून पाहिलें. दुपारचा चहा आम्हांस स्वतः करून घ्यावा लागला.

ज्यांना शिकागोची पद्धति किंवा मुंबईच्या बाई परवडणार नाहींत, त्यांच्यासाठीं सरकारनें २०२२ सालीं टेली-मानस ही सोय सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य व मराठींतून बोलतां येतें. त्या लोकांना अंशांचें शास्त्र ठाऊक असेलच असें नाहीं. पण रात्रीं घरांत बंब शिरला असतां दुसऱ्या टोंकाला कोणी जागें असणें हीहि मोठी गोष्ट आहे.

आरंभीं आम्हीं श्रोत्यांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास सांगितलें होतें. आईबाप होऊन बसलेल्या मुलाची. आमच्या घरांत तें मूल म्हणजे आमची थोरली बहीण. अकराव्या वर्षीं तिनें चूल हातीं घेतली. आज ती एकोणसत्तर वर्षांची आहे, आणि आजतागायत आम्हीं तिला पंगतींत बसून जेवतांना पाहिलेलें नाहीं. सर्वांना वाढून झाल्यावर स्वैंपाकघरांत उभ्यानें दोन घांस खावयाचे हा तिचा शिरस्ता. आम्हीं सर्वांनीं त्याचें नेहमीं कौतुकच केलें. तिच्या मुलीच्या लग्नांत भाषण करतांना आम्हींच तिला सेवेची मूर्ति म्हटलें होतें.

गेल्या नाताळांत ती आमच्याकडे आली होती. नेहमींप्रमाणें सारे बसले आणि ती हातांत भाकरी घेऊन उभी. आम्हीं हळूच विचारलें, "ताई, तूं बसलीस तर काय होईल असें तुला वाटतें?" ती म्हणाली, "भाकर करपेल, दुसरें काय," आणि हंसून आंत गेली. आम्हींहि तो विषय सोडला.

त्या रात्रीं साडेदहा वाजतां तिचा फोन आला. तिनें सांगितलें कीं, आम्ही पांच सहा वर्षांचे असतांना एका रात्रीं आईला ताप होता, म्हणून वाढून झाल्यावर तीहि आम्हां भावंडांच्या ओळींत ताट घेऊन बसली. वडील उशिरां आले. उठून वाढणारें कोणी दिसेना, तेव्हां त्यांनीं कालवणाची हंडी उचलली आणि भिंतीवर मारिली. आम्हांस यांतलें कांहींच आठवत नव्हतें. "तूं माझ्या मागें लपला होतास," ती म्हणाली. मग ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "इतक्या वर्षांत हें मला कोणी विचारलेंच नाहीं रे." त्यानंतर ती सव्वा तास बोलत होती, आणि आम्ही ऐकत होतों.